प्रतिसाद: जुन्या क्रोमवर चौकोन चिकटतात त्याबद्दल

फ्लेक्स (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधली, चौकोन ओळीत मांडायची पद्धत) वापरलं की जुन्या क्रोमवर चौकोन एकमेकांना चिकटतात असं वर विचारलंय. तुमचं काही चुकलेलं नाही भो. फ्लेक्समधला 'गॅप' (चौकोनांमधली मोकळी जागा ठरवणारा गुणधर्म) क्रोमला ८४व्या आवृत्तीपासून (२०२०) कळतो, सफारीला १४.१ पासून (२०२१). त्याआधीचे ब्राउझर तिकडे गुपचूप काणाडोळा करतात.

त्यावर कुणीतरी '@सपोर्ट्स लावून तपासा' असं सुचवलंय (ब्राउझरला अमुक गुणधर्म येतो का, हे विचारणारा सीएसएसचा नियम). मी इथेच फसलो होतो. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी रोजच्या भावाचं पान केलं. माझ्याकडे जळगावात एकदम झकास. त्यांच्या पेढीवर विंडोज ७, आणि क्रोम २०१९ पासून अपडेटच केलेलं नाही. रावेरच्या भावाचा आकडा यावलच्या आकड्याला खेटून बसला, दोन्ही मिळून एकच मोठा आकडा दिसायला लागला. शेठचा फोन: "भाऊ, केळी बारा लाखानं चालली का आज?"

भानगड अशी, की ग्रिडमधला (आडव्या-उभ्या रकान्यांत मांडायची दुसरी पद्धत) गॅप क्रोमला ६६ पासूनच येतो. त्यामुळे '@सपोर्ट्स'नं विचारलं की ते बेधडक 'हो, येतो' सांगतं. फ्लेक्समधला येतो का, हे विचारायची सोयच त्यात नाही.

शेवटी जुनाच उपाय केला: प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), आणि बाहेरच्या डब्याला उणे ८. मध्ये बरोबर १६ पिक्सेल जागा सुटते. उणे मार्जिनमुळे पान आडवं सरकायला लागलं, तर त्याबाहेरच्या वेष्टनाला तेवढंच पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ या जुन्या ब्राउझरसाठी मात्र मी आता जीव काढत नाही. मायक्रोसॉफ्टनंच त्याला जून २०२२ मध्ये निरोप दिलाय.