पेरोव्हस्काइट येतंय म्हणून गच्ची रिकामी ठेवायची का?

किलोवॉटवाला

पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडेम सेल, म्हणजे सिलिकॉनच्या सौर सेलवर पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर, उन्हातली ३४ टक्क्यांहून जास्त ऊर्जा विजेत बदलू लागल्याच्या बातम्या आल्यापासून 'दोन वर्षं थांबू, मग लावू' म्हणणारे वाढलेत. माझं मत : थांबू नका, तोटा तुमचाच आहे.

लाँगी कंपनीचा २०२५चा ३४.८५ टक्के हा आकडा प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या सेलचा आहे. सेलवरचा आकडा आणि पॅनेलवरचा आकडा यांत बरंच अंतर असतं. ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये ग्राहकाला पाठवलेली पहिली टँडेम पॅनेल्स २४.५ टक्क्यांची होती. आपल्याकडे चांगलं टॉपकॉन (सध्याच्या सिलिकॉन पॅनेलचा प्रकार) पॅनेल सव्वाबावीस टक्क्यांच्या आसपास मिळतं. ३ किलोवॉटला टॉपकॉनची साडेतेरा चौरस मीटर पॅनेल्स लागतात, त्या टँडेमची सव्वाबारा. वाचली किती जागा? एका लहान चटईएवढी.

उलट बाजूला, ३ किलोवॉट महाराष्ट्रात महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट देतं. दोन वर्षं थांबलात की ८,४०० युनिट गेले. सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान २०२६-२७ पर्यंतच आहे आणि त्याला देशी सेलचं, म्हणजे डीसीआर, पॅनेल लागतं. तसं टँडेम दुकानात दाखवा, मग बोलू.

गच्ची_समिती

बंगल्याचा हिशेब सोसायटीला लावू नका. सात मजली इमारत, २८ फ्लॅट, गच्चीवर दोन टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचा टप. सावली आणि चालायची वाट सोडून पॅनेलला ८० चौरस मीटर उरले तरी नशीब. तिथे टॉपकॉनचे जेमतेम १८ किलोवॉट बसतात. पॅनेल ३० टक्क्यांचं असेल तर २४. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे भागवून काही उरेल का, हे त्या सहा किलोवॉटवर ठरतं.

शिवाय पॅनेल हा खर्चाचा एक भाग. स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, क्रेन, मजुरी हे सगळं चौरस मीटरवर ठरतं, वॉटवर नाही. आणि उष्णता विसरलात. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांना जातं, म्हणजे चाचणीच्या २५ अंशांपेक्षा ४० वर. टॉपकॉन अंशाला ०.३ टक्के वीज घालवतं, एकूण १२ टक्के. टँडेम यापेक्षा कमी घालवतं.

खारा_वारा

टक्केवारीवर भांडण चाललंय, आयुष्याचं कोणी बोलत नाही. शुद्ध पेरोव्हस्काइटचा शत्रू पाणी, त्यापाठोपाठ उष्णता. थर ताजा असतो तेव्हा काळपट तपकिरी दिसतो. कडेने पिवळी किनार आत सरकू लागली की समजायचं, स्फटिक मोडला आणि मागे लेड आयोडाइड (शिशाचं संयुग) उरलं. सुरुवातीच्या पाककृतीतला मिथाइलअमोनियम हा घटक गरम झाला की उडून जातो, म्हणून हल्ली सिझियम आणि फॉर्मामिडिनियम वापरतात. त्याने टिकाऊपणा वाढला, ओलाव्याची भीती गेली नाही.

आयईसी ६१२१५ या पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकातली दमट उष्णतेची चाचणी ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता आणि १,००० तासांची. तेवढ्याने रत्नागिरीचे २५ पावसाळे सिद्ध होत नाहीत. दोन काचांच्या मध्ये, कडेला ब्युटिल रबराची सलग पट्टी हवी, आणि जंक्शन बॉक्ससाठी (तारा बाहेर पडतात तो डबा) काचेला पाडलेलं भोक तितकंच बंद हवं. पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच.

आणि टॉपकॉनही साधंसुधं नाही बरं का! आतलं चिकट आवरण ईव्हीए या प्लास्टिकचं असेल तर ओलाव्याने ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि धातूच्या रेघा खातं. कोकणात काच-काच पॅनेल, आत ईव्हीएऐवजी पीओई हे प्लास्टिक, ८० मायक्रॉन हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगचं स्ट्रक्चर आणि स्टेनलेसचे बोल्ट एवढं लिहून घ्या. दोन कंपन्यांचे एमसी४ (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) एकमेकांत बसतात म्हणून जोडू नका. संपर्क सैल राहतो, तापतो आणि जळतो.

किलोवॉटवाला

@गच्ची_समिती, ३० टक्क्यांचं पॅनेल विकत मिळत नाही, तुम्ही कागदावरचे सहा किलोवॉट मोजताय. मिळालं तरी जुनं डिझाइन चालणार नाही. सिलिकॉन सेलचं व्होल्टेज ०.७२ च्या आसपास, टँडेमचं १.९. सिरीजमध्ये ७२ सेल धरले तर एकीकडे ५२ व्होल्ट, दुसरीकडे १३७. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट असेल तर टँडेमची चारच पॅनेल्स एका ओळीत. पाचवं जोडलं की इन्व्हर्टर गेला.

पावसाळ्याचंही बघा. दोन टर्मिनलच्या, म्हणजे तारांची एकच जोडी असलेल्या, टँडेममध्ये वरचा आणि खालचा सेल सिरीजमध्ये, म्हणजे ज्याचा प्रवाह कमी तोच दोघांचा. ढगाळ प्रकाशात निळा भाग तुलनेने जास्त, अवरक्त कमी. खालचं सिलिकॉन उपाशी राहतं आणि वरच्यालाही अडवतं. आपल्याकडे ही चार महिन्यांची गोष्ट आहे.

पातळ_थर

त्यावर चार टर्मिनलचा मार्ग आहे. आयआयटी मुंबईच्या गटाने सुमारे ३० टक्क्यांचा टँडेम दाखवला तो तसाच : वर पारदर्शक पेरोव्हस्काइट, खाली वेगळा सिलिकॉन, दोघांच्या तारा स्वतंत्र. प्रवाह जुळवायची कटकट नाही. बदल्यात पॅनेलला तारांच्या दोन जोड्या आणि दोन वेगळे एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा इन्व्हर्टरमधला भाग). फुकट काहीच नाही.

टाकीच्या सावलीबद्दलही भीती घातली जाते. एकट्या पेरोव्हस्काइटचा सेल सावलीत आला आणि त्याच्यावर काही व्होल्ट उलटा विद्युतदाब बसला तरी कायमचा बिघडू शकतो, हे खरं. पण दोन टर्मिनलच्या टँडेममध्ये तो दाब खालचं सिलिकॉन बऱ्याच अंशी पेलतं.

माझा आक्षेप धाग्याच्या मुळाशीच आहे. गच्ची ही पेरोव्हस्काइटची पहिली जागा नाहीच. एमआयडीसीतल्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे बघा. काच-काच पॅनेल चौरस मीटरला साडेबारा किलोच्या घरात, स्ट्रक्चर वेगळं. ते त्या छताला झेपत नाही. जपानच्या सेकिसुई केमिकलने फिल्मवर छापलेली पेरोव्हस्काइट पॅनेल्स ओसाका एक्स्पो २०२५ च्या बसस्थानकाच्या छतावर लावली. जपानला सपाट जमीन कमी आणि आयोडीन घरचं, म्हणून त्यांचा जोर तिकडे.

खारा_वारा

फिल्म पत्र्याला चिकटवलीत की मागून वारा बंद. पत्रा आधीच तापलेला, वर हा काळा थर. आणि पत्रा फुटला तर वरची फिल्म सोलणार कोण?

पातळ_थर

चिकटवायचीच नाही. हलक्या पट्ट्यांवर ताणून बसवायची, खाली चार बोटं जागा ठेवायची, म्हणजे दहा वर्षांनी काढून नवी लावता येते.

शिसं_नको

आणि काढलेली जुनी जाणार कुठे? पेरोव्हस्काइटच्या अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरला एक ग्रॅमपेक्षा कमी शिसं असतं. 'सोल्डरमध्ये याहून जास्त असतं' हे उत्तर मला माहीत आहे. पण सोल्डरमधलं शिसं धातूच्या रूपात असतं. इथलं पाण्यात विरघळणाऱ्या मिठाच्या रूपात आहे. गारपिटीत काच तडकली की पावसाचं पाणी ते थेट पन्हाळीत नेणार. आणि त्याच पन्हाळीला आपण पाऊसपाणी साठवायची टाकी जोडतो. शिसं धरून ठेवणारा थर आत आहे का, हे विक्रेत्याला विचारलंच पाहिजे.

गच्ची_समिती

बरं, थांबत नाही. आत्ता अर्ध्या गच्चीवर टॉपकॉन आणि उरलेली टँडेमसाठी राखून ठेवली तर? सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० अनुदान आहेच.

किलोवॉटवाला

अर्धी का? रिकामी अर्धी काहीच कमवत नाही. जमेल तेवढी आत्ताच भरा. राखायचीच असेल तर लिफ्टच्या खोलीवरचं छत राखा. इन्व्हर्टर घेताना एक एमपीपीटी मोकळा ठेवा, दोन जातींची पॅनेल्स एकाच स्ट्रिंगमध्ये (सिरीजमधल्या ओळीत) घालायची नाहीत. आणि मंजूर भार आधी तपासा. नेट मीटरिंगची (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करायची) क्षमता त्यावर अडते. सामायिक मीटरचा भार १५ किलोवॉट असेल तर तुमचे १८ सुद्धा बसणार नाहीत, २४ तर सोडाच.