‘ऐलमा पैलमा’तली ऐलमा कोण?

हस्त_नक्षत्र
आमच्या शाळेत हादगा आहे आणि पाहुण्या हिंदीभाषक आहेत. गाण्यांचा हिंदी अर्थ छापून द्यायचं ठरलं, ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच ओळीला अडले. ‘ऐलमा पैलमा गणेश देवा’मधल्या ऐल-पैलचं मी ‘इस पार, उस पार’ केलं. घरी कानडी बोलणाऱ्या एक सहशिक्षिका ते वाचून म्हणाल्या, “ही आमची यल्लम्मा हो, नदी कुठून आणली तुम्ही?” त्यांच्या अव्वा तसंच सांगायच्या म्हणे. जाणकारांनी सांगावं. ‘एविनी गा तेविनी गा’ आणि ‘दुधोंडे’ यांचाही अर्थ हवा आहे. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

पैलतीर
तुमचा अर्थ बदलू नका. ऐल म्हणजे अलीकडचं, पैल म्हणजे पलीकडचं. ज्ञानदेवांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही विराणी सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मा’ हा ठेक्यासाठी आलाय. फेर धरून म्हणायच्या गाण्यात अशी अक्षरं लागतातच. मराठी शब्द समोर धडधडीत उभा असताना शेजारणीच्या दारात जायचं कारण काय?

वेशीवरची
कारण पुढच्याच ओळीत आहे. ‘माझा खेळ मांडिला वेशीच्या दारी, पारवं घुमतंय बुरजावरी.’ इथे काठ नाही, होडी नाही. आहे ती गावाची वेस, आणि वेशीवर ग्रामदेवी बसते. सोलापुरातून सौंदत्तीच्या डोंगरावर पिढ्यान् पिढ्या माणसं जातात. कानडीत ‘एल्लरू’ म्हणजे सगळे, ‘अम्मा’ म्हणजे आई. सगळ्यांची आई ती यल्लम्मा, अशी फोड आमच्या घरी लहानपणीच शिकवतात. खेळ मांडायच्या आधी गावच्या आईला हाक मारायची आणि मग गणपतीला, यात वावगं काय आहे?

अघळपघळ
यल्लम्मा मानली तर पैलम्मा कोण, हे सांगावं लागेल. नुसतं यमक म्हणून सुटका होत नाही. जोडशब्द करताना मराठी माणूस ‘बि’ लावतो: चहाबिहा, पुस्तकबिस्तक. कानडी आणि तेलुगू माणूस ‘गि’ लावतो. म्हणजे कानडी बाईच्या तोंडी ‘यल्लम्मा-गिल्लम्मा’ आलं असतं, मराठी बाईच्या तोंडी ‘ऐलमा-बिलमा’. पहिल्या शब्दाला स्वर आणि दुसऱ्याला ‘प’ ही चाल मात्र आपल्याकडे जुनी आहे. ऐसपैस घ्या, अघळपघळ घ्या. ऐलपैल त्याच घरातलं. त्यामुळे माझं मत पैलतीर यांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. आणि याच गाण्यात पुढे ‘अतुल्या मतुल्या चरणी चातुल्या’ येतं. तिथे कुणी देवी शोधत नाही.

वेशीवरची
देवीच्या नावाला कुणी ‘गि’ लावत नसतं. ‘गि’त तुच्छता असते. तुमचा नियम चहाला लागू, आईला नाही.

मावळची_लेक
माझं माहेर मावळात, सासर सोलापूर. आमच्याकडे हा भोंडला, इथे आले तर हादगा, आणि खानदेशातल्या जावेकडे भुलाबाई. त्यांची भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालते. एक गोष्ट मला इथे आल्यावर जाणवली. ‘पडपड पावसा थेंबोथेंबी, थेंबोथेंबी आडव्या लोंबी’ असं आपण म्हणतो. लोंबी भाताची! ज्वारीला कणीस. हस्ताच्या पावसात भात निसवून लोंब्या भाराने आडव्या होतात, हे मी माहेरी बांधावर उभी राहून पाहिलंय. त्याच दिवसांत इथे मंगळवेढ्याकडे रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालते. म्हणजे हे कडवं तरी भाताच्या मुलखात जुळलेलं आहे, तिथून लेकींबरोबर इकडे आलं. भाताच्या मुलखात सौंदत्तीची यल्लम्मा कशी पोचेल?

वेशीवरची
लेकी एकाच दिशेने जातात का? तुमच्याकडून कडवं इकडे आलं तसं इथून तिकडेही गेलं असेल. गाणं एका ठिकाणी एका बसणीत झालंय, असं धरूनच आपण सगळे बोलतोय. ‘भोंडल्या तुझी सोळा वर्षे’ म्हणणाऱ्या आणि ‘भुलोजी बाळा’ म्हणणाऱ्या बाया एकाच गावच्या होत्या कशावरून?

उय्यालो
सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. आमचं घर तेलुगू, पद्मशाली, आजोबा मागावर होते. याच दिवसांत आमच्याकडे बतुकम्मा असते. तरवडाची पिवळी फुलं थरावर थर रचून मध्ये ठेवायची आणि बायका भोवती टाळ्या देत फिरतात. दर ओळीला ‘उय्यालो’. उय्याला म्हणजे झोका, पाळणा, पण गाताना त्याचा अर्थ कुणी मनात आणत नाही. तो नसेल तर पाऊल पडत नाही, इतकंच. ऐलमा पैलमा ऐकलं की मला तेच आठवतं. मध्ये पाटावर हत्ती असो की फुलांचा ढीग, फेर तोच.

पैलतीर
फेर तोच म्हणून शब्दही तोच होत नाही. या वाटेने गेलो तर मराठीत मराठी काही उरणारच नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या ‘कानडा हो विठ्ठलु करनाटकु’चंही असंच केलंय लोकांनी. कानडा म्हणजे कळायला अवघड, अगम्य.

अघळपघळ
आणि ‘करनाटकु’? तोही अगम्य? ऐलपैलला मी तुमच्या बाजूने आहे, इथे नाही. शेजारच्या भाषेने मराठी उणी होत नाही.

हस्त_नक्षत्र
कृपया दुधोंडे.

मावळची_लेक
कणकेचा गोळा तो उंडा. दूध अधिक उंडे, दुधात शिजवलेले, असं माझी आई सांगायची. ‘आमच्या आया तुमच्या आया, खातील काय दुधोंडे’ हे त्याला जुळतं. ‘एविनी गा’ तशीच ठेवा.

गड्ड्यावरचा
कानडीचा विषय निघालाच आहे तर भोगीच्या दिवशी सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यापाशी या. सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, बाराबंदीतली माणसं, नंदीध्वज, आणि ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ म्हणताच अक्षता पडतात. मराठी, कानडी, तेलुगू, सगळी घरं एका वेळी टाकतात. हे दिड्डम कानडी ‘दिट’पासून, म्हणजे खरं. आधी संस्कृतात सत्य, मग आपल्या भाषेत तेच.

पैलतीर
‘दृढम्’ आहे ते. लग्न पक्कं झालं, दृढ झालं.

गड्ड्यावरचा
मग ‘सत्यम’ दोनदा म्हणून झाल्यावर लगेच दुसरीच गोष्ट का सांगायची? संमती हा शब्दच होकाराचा आहे. खरं, खरं, असा होकार द्यायचा तिथे.

पैलतीर
होकार दिल्यावरच ते दृढ होतं. आणि ‘दिट’ला अनुस्वार कुठून लागला?

वेशीवरची
सत्यमशेजारी उभं राहून लागला. इतक्या वेळा तोंडात आल्यावर लागणारच.