गाडीच्या आतले सामान : स्वतः बसवावे की शोरूमला पैसे मोजावेत?

नवी गाडी ठरली की विक्री प्रतिनिधी किमतीच्या तक्त्याशेजारी आणखी एक कागद ठेवतो. सीट कव्हर, मॅट, डॅशकॅम (रस्त्याचे सतत चित्रण करणारा कॅमेरा), रिव्हर्स कॅमेरा, पायाशी उजळणारे दिवे अशी यादी त्यावर असते आणि बहुतेकदा ती सुटी न देता 'किट' म्हणून पुढे केली जाते. त्याच प्रकारच्या वस्तू पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्त मिळतात, आणि त्या घरी कशा बसवाव्यात हे दाखवणारे व्हिडिओही भरपूर आहेत. किमतींची तुलना कोणालाही फोनवर करता येते, म्हणून ती इथे नको. वस्तू बसवताना काय उघडावे लागले, वायर कुठून गेली, पुढे ती कशी टिकली आणि काम कोणाच्या हातून झाले, हे सदस्यांनी या धाग्यावर आपल्या गावाच्या नावासह सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. शोरूम किंवा दुकानाविषयी तक्रार असल्यास कृपया नाव न लिहिता लिहावी.

सुरुवात मीच करतो. पुढचा आणि मागचा असा दुहेरी डॅशकॅम मी घरी बसवला. कॅमेरा काचेला चिकटवणे हे यातले सर्वांत किरकोळ काम आहे. चार्जरच्या सॉकेटमधून वीज घेतली तर बहुतेक गाड्यांत चावी काढताच कॅमेरा बंद पडतो, आणि उभ्या गाडीला कोणी धक्का देऊन गेले तर त्याची नोंद राहत नाही. म्हणून मी स्टिअरिंगखालच्या फ्यूजपेटीतून वीज घेतली. त्यासाठी मूळ वायर कापावी लागत नाही. 'फ्यूज टॅप' नावाचा छोटा जोड मिळतो, ज्यात मूळ फ्यूज कायम राहतो आणि त्याच्या शेजारी नव्या फ्यूजची जागा होते. एक जोड कायम वीज असलेल्या जागी, दुसरा चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या जागी आणि काळी वायर बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला, एवढीच ती रचना असते. कोणत्या जागी कोणती वीज आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. असा कॅमेरा बारा व्होल्टवर साधारणतः एक अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो, त्यामुळे वायरींवर भार येत नाही. गाडी काही दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते, म्हणून ठरावीक व्होल्टेजखाली कॅमेरा आपोआप बंद करणारे हार्डवायर किटच घ्यावे.

अवघड भाग पुढच्या काचेच्या कडेचा, म्हणजे ए-पिलरचा. ज्या गाड्यांत पडद्यासारखी उलगडणारी कर्टन एअरबॅग असते, त्यांत तिचे पुढचे टोक याच आच्छादनाखाली असते. वायर नुसती फटीतून आत कोंबली तर ती एअरबॅगच्या समोरून जाते आणि बॅग उघडताना तिच्या वाटेत येते. ती बॅगेच्या मागून, मूळ वायरींच्या जुडग्याला बांधून न्यावी लागते. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत हेच काम शोरूममधून पावती घेऊन झाले होते. आम्ही दोघांनी ते आच्छादन उतरवून पाहिले, तेव्हा वायर बॅगेवरून आडवी गेलेली होती. त्याने तीच वायर त्याच शोरूममध्ये नेऊन बदलून घेतली, आणि या वेळी तो शेजारी उभा राहिला.

रत्नागिरीहून

मॅट बसवायला कारागीर लागत नाही, असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण कोकणात मॅट कोणती घ्यावी हा बसवण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. आमच्या गाडीसोबत शोरूमने कडांपर्यंत चढणारी, जाड आणि शिवणीची मॅट दिली होती. जून ते सप्टेंबर ओल्या चपला, छत्र्या आणि मासळीच्या पिशव्या त्याच गाडीत चढतात. पाणी शिवणीतून खाली उतरते, मूळ कार्पेटखालचा जाड थर ते शोषून घेतो आणि वर मॅटचे झाकण असल्याने तो वाळत नाही. वास आधी येतो आणि गंज नंतर दिसतो. एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली तरी पाणी याच जागी, पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी साचते, आणि जाड मॅट असेल तर ते कळतही नाही. मी ती मॅट काढून खोलगट रबरी ट्रे घेतले, जे उचलून ओतता येतात.

ड्रायव्हरच्या बाजूची मॅट मात्र खालच्या हुकात अडकलीच पाहिजे. जुन्या मॅटवर नवी टाकू नये, आणि बसवल्यावर गाडी बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडून पाहावा.

न्यू जर्सीहून

रत्नागिरीच्या सदस्यांचे शेवटचे वाक्य इकडे अमेरिकेत कोणी हसण्यावारी नेणार नाही. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ डीलरने तात्पुरती वापरायला दिलेल्या एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर अडकला आणि गाडीतील चौघेही मृत्युमुखी पडले. तपासात आढळले की गाडीत दुसऱ्या मॉडेलची, मोठ्या मापाची रबरी मॅट टाकलेली होती. त्यानंतरच्या महिन्यात टोयोटाने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या बाजूची मॅट काढून ठेवण्यास सांगितले. ती मॅट मालकाने घरी टाकलेली नव्हती, हे या धाग्याच्या विषयाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते.

बाकी इकडे मजुरीचा तासाचा दर इतका असतो की साधा केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी) बदलायलाही डीलरकडे जाणे परवडत नाही. अनेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. बाजूच्या अडकण्या दाबल्या की कप्पा खाली येतो आणि फिल्टर हाताने निघतो. कंपनीच्या अस्सल ॲक्सेसरीजसोबत बहुधा छापील सूचनापत्रक येते, त्यात कोणती क्लिप कोणत्या दिशेने ओढायची हे चित्रासह दिलेले असते. मी डिकीतले दिवे आणि दाराच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्या अशाच बसवल्या. 'बाहेरचे काही लावलेत तर वॉरंटी गेली' हे वाक्य इकडेही ऐकू येते; परंतु १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग वापरला म्हणून संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावे लागते.

ठाण्याहून

सीट कव्हर घरी चढवणे हे बोटांची सालटी काढणारे काम आहे, पण अशक्य नाही. हेडरेस्ट काढायचे, पाठीचे कव्हर वरून ओढून घ्यायचे, पट्ट्या सीटखालून नेऊन मागे बांधायच्या. कापड कडक उन्हात थोडा वेळ ठेवले तर सुरकुत्या कमी पडतात.

अडचण वेगळीच आहे. आता छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग येऊ लागल्या आहेत आणि त्यांतील दोन सहसा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूच्या कडेला असतात. तिथे शिवलेली एअरबॅगची छोटी चिठ्ठी अनेकांच्या नजरेतून सुटते. बाजूने धडक बसली तर ही बॅग सीटची शिवण फाडून बाहेर येते. तिच्यावर जाड रेक्झिनचे अखंड कव्हर ओढलेले असेल तर ती उशिरा किंवा भलत्याच दिशेला उघडू शकते. कव्हर 'एअरबॅगयोग्य' आहे असे दुकानदार सांगतो तेव्हा त्या कडेची शिवण वेगळ्या, मुद्दाम कमजोर दोऱ्याची आहे का, किंवा ती बाजू उघडी सोडलेली आहे का, हे प्रत्यक्ष दाखवायला सांगावे. एका शोरूमने मला अखंड कव्हरच 'कंपनीचे' म्हणून दाखवले होते. खोक्यावर गाडीच्या कंपनीचे नाव कुठेही नव्हते.

सीटखाली हात घालताना पिवळ्या आवरणातील वायर किंवा पिवळा कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) दिसला तर तो ओढू नये. ती एअरबॅगची वायर असते. चावी चालू असताना तो कपलर निघाला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवण्यासाठी बहुधा स्कॅनर जोडावाच लागतो.

नागपूरहून

इथे मे महिन्यात गोंद टिकत नाही, एवढेच लिहिले तरी पुरे होईल. दुतर्फी टेपवर लावलेला मोबाइल होल्डर, पायाशी लावलेली एलईडीची पट्टी, डॅशबोर्डवरचे घड्याळ, सगळे एकेक करून खाली आले. आवाज कमी करण्यासाठी दारांत बसवायचे पत्रे घेताना ते डांबराचे नसून ब्युटाइल रबराचे आहेत याची खात्री करावी, कारण डांबराचे पत्रे उन्हात मऊ होऊन घसरतात आणि गाडीत वास सुटतो. डॅशकॅम घ्यायचा तर आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता सोसणारा भाग) असलेला घ्यावा. बंद गाडीच्या काचेला चिकटलेली बॅटरी आमच्या उन्हात फुगते. या तिन्ही गोष्टी ना शोरूमने सांगितल्या, ना ऑनलाइन विक्रेत्याने.

पिंपरी-चिंचवडहून

म्युझिक सिस्टिम बदलण्याबाबत माझे मत सरळ आहे. जुन्या, बटणांच्या स्टिरिओच्या गाडीत हे काम घरी करावे, कारण त्या मॉडेलसाठी तयार हार्नेस (कपलर लावलेल्या वायरींचा जुडगा) मिळते आणि कपलरला कपलर जोडला की एकही वायर कापावी लागत नाही. गेल्या काही वर्षांच्या गाड्यांत मात्र तोच पडदा रिव्हर्स कॅमेरा दाखवतो, स्टिअरिंगवरची बटणे त्याच्याशी बोलतात, काही गाड्यांत एसीची स्थितीही तिथेच उमटते. तिथे हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ॲम्प्लिफायर लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरचा फ्यूज बॅटरीपासून साधारण एका हाताच्या आत हवा. तो डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावला तर ॲम्प्लिफायर वाचतो, पण मधली सगळी लांबी उघडी राहते आणि बोनेटखाली कुठे ती घासून बॉडीला टेकली तर वायर पेट घेईपर्यंत काहीच तुटत नाही.

कोल्हापूरहून

माझा व्यवसायच ॲक्सेसरीज बसवण्याचा आहे, त्यामुळे मला बाजू घ्यायला जागा नाही असे वाटेल, तरी लिहितो. शोरूमच्या पावतीवर झालेले काम अनेकदा माझ्यासारख्याच बाहेरच्या कारागिराने केलेले असते. गाडीची डिलिव्हरी संध्याकाळी असते आणि गाड्या दुपारी समोर उभ्या राहतात. त्या घाईत चांगला कारागीरही वायर सोलून, पिळून, वरून काळी टेप गुंडाळून मोकळा होतो. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो आणि मग रिव्हर्स कॅमेरा कधी दिसतो, कधी दिसत नाही. तोच जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) किंवा डाग देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली तर फार तर दहा मिनिटे जास्त लागतात. शोरूममधून काम करून घ्यायचे असेल तर ते डिलिव्हरीच्या दिवशी न करता आठवड्याने करून घ्यावे, आणि कारागीर शोरूमचा की बाहेरचा हे विचारावे. हा प्रश्न विचारणारा ग्राहक आला की आम्हीही सावधपणे काम करतो.

घरी काम करणाऱ्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात त्या मुख्यतः तुटलेल्या क्लिपांसाठी. दाराचे पॅनेल लोखंडी पेचकसाने उचकटू नये. प्लॅस्टिकची पाती स्वस्तात मिळतात. जुन्या गाडीच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून पॅनेल उघडण्यापूर्वीच चार नव्या आणून ठेवाव्यात. दारात पत्रे चिकटवताना तळाची पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत, नाहीतर पहिल्याच पावसात दारातून डबडब आवाज येतो.

दोन कामे मी पैसे घेऊनही करत नाही. पहिले काळ्या फिल्मचे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेला ७० आणि बाजूच्या काचांना ५० टक्के प्रकाशपारगम्यता लागते ती मूळ काचेचीच असावी, असा त्या निकालाचा रोख होता. दुसरे, बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला लावल्या, तरी ग्राहक अजून मागतात, आणि मागताना हसतात.

छत्रपती संभाजीनगरहून

मी विमा दाव्यांची पाहणी करतो. गाडी खरेदी केल्यानंतर लावलेले विजेवर चालणारे सामान मूळ पॉलिसीत आपोआप येत नाही. त्याची किंमत वेगळी नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. मोटार टॅरिफच्या (वाहन विम्याच्या दरपत्रकाच्या) २४ क्रमांकाच्या एंडॉर्समेंटमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या कलमात, तो दर किमतीच्या ४ टक्के होता. वीस हजारांच्या सिस्टिमला म्हणजे वर्षाला आठशे रुपये. विना विजेच्या वस्तूंची, उदाहरणार्थ चामड्याच्या कव्हरची, किंमतही अशीच सांगावी लागते.

घरी बसवलेल्या वस्तूचा दावा नाकारलाच जातो असे नाही, पण वायर कापून जोडलेली दिसली आणि आग त्याच भागात लागली असेल तर अहवालात तसे लिहावेच लागते, मग जोड घरचा असो की शोरूमचा. फरक कागदाचा पडतो. वस्तूचे जीएसटीसह बिल ठेवावे, बसवताना प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढावे आणि नूतनीकरणाच्या आधी ते विमा कंपनीला ई-मेलने पाठवून पोच घ्यावी. कोल्हापूरच्या कारागिरांनी लिहिलेली उष्णतेने आवळणारी नळी छायाचित्रात स्पष्ट दिसते, त्यामुळे माझेही काम सोपे होते.