फिलिप ग्लासला ताल कळला होता का?

नौपाडकर: काल तबल्याच्या क्लासमध्ये सरांनी अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासच्या ‘सत्याग्रह’ ऑपेरातला एक तुकडा ऐकवला. निम्मा वर्ग मोबाइलमध्ये शिरला. मला मात्र हा माणूस मोठा वाटतो. जन्म बाल्टिमोरचा, १९३७चा. पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजेबाईंकडे शिकताना एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवायचं काम त्याला मिळालं. जोर भलत्याच जागी पडायचा आणि तबलावादक अल्लारखाँसाहेब अडवायचे. शेवटी त्याने स्वरलिपीतल्या, मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच खोडल्या, तेव्हा कुठे त्याला दोन-तीनचे गट दिसले. ही हकिकत तो स्वतःच सांगतो. तिथून त्याचं संगीत बदललं.

वाशीकर: रेघा खोडल्या की ताल येतो होय? मग आम्ही वर्षानुवर्षं तबल्याचे कायदे, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचना, कशाला घोटतोय? त्याचं १९६८चं ‘टू पेजेस’ ऐका. पाच स्वरांचा तुकडा, त्यात स्वर वाढवायचे, कमी करायचे, बस. आवर्तन, म्हणजे मात्रांचं चक्र, ठरलेलं नाही, त्यामुळे खाली नाही आणि सम, म्हणजे चक्राची पहिली मात्रा, तर नाहीच. यायचं कुठे?

नौपाडकर: तबला सोलोला तासभर तोच लेहरा, म्हणजे साथीची एकच धून, चालतो, तेव्हा नाही कोणी उठून जात.

वाशीकर: कारण लेहरा ऐकायला आम्ही जातच नाही, राव. त्यावर तबलजी काय करतो ते ऐकायला जातो. ग्लासने नुसता लेहराच मैफल म्हणून विकला.

ऐरोलीची_सतार: हे वाक्य मी क्लासमध्ये खपवणार! पण वाशीकर, तुम्ही ६८ सालीच अडकलात. नंतर तो वेगवेगळ्या लांबीची चक्रं एकदम सोडतो. तीनाचं आणि चाराचं एकत्र सुटलं की बारा मात्रांनी दोन्ही पुन्हा एका जागी येतात. तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) मोजणाऱ्याला यात मजा यायला हवी. आणि १९९०मध्ये रविशंकरांनी त्याच्यासोबत ‘पॅसेजेस’ केलं, एकमेकांच्या धुनांवर दोघांनी रचना बांधल्या. कच्च्या माणसाबरोबर पंडितजी बसले असते?

घोडबंदरचा_काका: पंडितजी बऱ्याच जणांबरोबर बसले. मला खटकतं ते निराळंच. ‘सत्याग्रह’ची गोष्ट गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांची, गायचे मात्र गीतेचे श्लोक, तेही संस्कृतात. पहिला प्रयोग १९८०मध्ये रॉटरडॅमला. तिथे कोणाला काय कळलं असेल? मला अध्यायच्या अध्याय पाठ आहेत, तरी शब्द हाती लागेनात.

ऐरोलीची_सतार: काका, ख्यालात तरी शब्द कुठे हाती लागतात?

घोडबंदरचा_काका: बंदिश दोन-चार ओळींची असते, बाई. गीता हा वाद आहे. अर्जुन विचारतो, कृष्ण उत्तर देतो. वादच कळला नाही तर उरला नुसता घोष.

नौपाडकर: काका, हे पटलं. पण विकायचाच धंदा असता तर त्याचे दिवस वेगळे असते. १९७६ला त्याचं ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झालं, पाचेक तासांचं, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं, परत यावं. (ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात लावा, कॅन्टीनवाल्याची चंगळ.) एवढं गाजलं आणि डोक्यावर कर्ज राहिलं. गडी परत टॅक्सी चालवायला लागला. प्लंबिंगही केलेलं.

वाशीकर: टॅक्सी चालवली म्हणून लय सुधारते असं नाही. तसं असतं तर ठाणे स्टेशनबाहेरचे सगळे रिक्षावाले उस्ताद झाले असते.

ऐरोलीची_सतार: बरं, एक करा. ‘सत्याग्रह’चा शेवट ऐका. गांधी एकच चढती ओळ पुन्हा पुन्हा गातात, आणि स्वर आपल्या भैरवीचे. रे, ग, ध, नी सगळे कोमल. आता शेवटाला भैरवी नको असेल तर सांगा!

वाशीकर: नुसती चढतीच? अवरोह कुठाय?

ऐरोलीची_सतार: नाहीये.

वाशीकर: मग कसली भैरवी!

ऐरोलीची_सतार: राग कोण म्हणतंय? स्वर म्हटलं मी. आधी ऐका, मग भांडा.

वाशीकर: ऐकतो. पण हेडफोन लावून, घरच्यांना हा त्रास नको.