गावचा पब वाचवायला वर्गणी काढावी का?

डोंगरवाट

यॉर्कशरमधल्या एका खेड्यात राहतो. चारशे-पाचशे वस्ती, एक चर्च, एक प्राथमिक शाळा, एक पब. दुकान आधीच गेलं, पोस्ट गेलं, बस दिवसातून दोनदा येते. आता पबही विकायला काढलाय. मालक कंपनीला तिथे घरं बांधायची आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त कागदावर कुठे लिहिलेलं नाही. गावकऱ्यांनी संस्था नोंदवली असून शेअर विकायला काढलेत, किमान अडीचशे पौंडांचे. मी घेणार म्हणतोय. बायको म्हणते, "दारूच्या गुत्त्याला वर्गणी? आईंना फोनवर काय सांगणार आहेस?"

तर माझी बाजू मांडतो.

मंगळवारी सकाळी याच पबच्या मागच्या खोलीत पोस्टाचं काउंटर लागतं. पेन्शनवाल्यांची रांग असते, हातात कॉफी. बुधवारी क्विझ, गुरुवारी डार्ट्स. ग्रामपंचायतीची सभागृहातली बैठक पांगली की खरी बैठक इथे भरते. अर्ध्या गावाच्या घराच्या जादा किल्ल्या पबवालीकडे खिळ्याला टांगलेल्या आहेत, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर घराचं नाव. एक म्हातारबुवा कुत्रा घेऊन रोज साडेपाचला येतात, अर्धा पाइंट बिअर घेतात आणि सहाला जातात. मागच्या हिवाळ्यात एकदा सहा वाजले तरी आले नाहीत. पबवालीने किल्ली काढली आणि एकाला धाडलं. म्हातारबुवा न्हाणीघरात पडलेले सापडले, खुब्याचं हाड मोडलेलं. हे काम इथे कुठलं सरकारी खातं करणार आहे?

ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. खेड्यातला पब गेला की दुसरा होत नाही. हेस्केट न्यूमार्केट नावाच्या कंब्रियातल्या गावाने २००३ मध्ये आपला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला, तो आजतागायत त्या प्रकारातला पहिला म्हणून सांगितला जातो. २०११ च्या लोकलिझम कायद्याने गावाला एक हत्यार दिलंय. पबची नोंद 'सामाजिक मोलाची मालमत्ता' म्हणून करून घेतली, की मालक विकायला निघाल्यावर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. आमची ती मुदत चालू आहे. बोला.

खडीसाखर

मी चंद्रपूरची. तुमचं वाचून आधी हसू आलं, मग राग.

तुमच्याकडे गाव एक होऊन दारूचा अड्डा विकत घेतं, आमच्याकडे गाव एक होऊन तो बंद पाडतं. महाराष्ट्रात नियम आहे: गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाव बायकांनी सह्या दिल्या की मतदान लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या! आजारी, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या दारूवाल्याच्या बाजूने मोजल्या जातात. तरी बायका जिंकल्यात. मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिल्या.

म्हातारबुवांचं चांगलं झालं. पण त्या पबात बसून घरी गेलेल्यांच्या घरात काय झालं ते पबवालीच्या खिळ्यावर टांगलेलं नसतं. 'सगळं गाव जमतं' म्हणता तेव्हा जमणाऱ्यांत बायका किती आणि घरी वाट बघणाऱ्या किती, ते पण लिहा.

हिशेबनीस

भावनेचं राहू द्या, आकड्यांकडे या.

पब गप्पांवर चालत नाही, विक्रीवर चालतो. म्हातारबुवांच्या अर्ध्या पाइंटवर वीजबिलसुद्धा निघत नाही. इंग्लंडमधले पब मेले त्याला सुपरमार्केटची स्वस्त बिअर आहे, कर आहेत, २००७ ची धूम्रपानबंदी आहे, पण एक कारण लोक विसरतात. पूर्वी बहुतेक पब मोठ्या ब्रुअरींचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांचे असत. त्यांची मक्तेदारी मोडायला १९८९ मध्ये सरकारने फर्मान काढलं, दोन हजारांहून जास्त पब असलेल्यांवर बंधनं आली. ब्रुअरींनी पब विकले. घेतले कोणी? जागांचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी. भाडेकरू पबवाल्याने बिअर आमच्याचकडून, आमच्याच भावाने घ्यायची, ही अट तशीच राहिली. त्यात भाडं वेगळं. पबवाला दोन्हीकडून पिळला गेला आणि जागेचा भाव धंद्यापेक्षा वर गेला. मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूला या अटीतून बाहेर पडायचा रस्ता मिळाला तो २०१६ मध्ये, तोवर पुष्कळ जणांनी कुलपं लावली होती.

म्हणून गावाने पब विकत घेण्यात एक खरा फायदा आहे: भाडं नाही, सक्तीची बिअर नाही. पण शेअर म्हणजे काय ते समजून घ्या. तो बाजारात विकता येत नाही, त्याचा भाव वाढत नाही. संस्थेकडे परत मागता येतो, तोही संचालक मंडळाला परवडेल तेव्हा. व्याज मिळालं तर मिळालं. मत एकच, पाव हजार घाला की पंचवीस हजार. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर अजिबात घेऊ नका. देणगी समजून घेणार असाल तर बायकोला तसंच सांगा.

बाकी 'सहकारी' हा शब्द वाचून आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यापुढे आधी चेअरमनची गाडी येते, हे जाता जाता.

डोंगरवाट

@खडीसाखर, इथे बायका येतात. मुलं येतात, रविवारी जेवायला घरंच्या घरं येतात. आमच्या पबची निम्म्याहून जास्त कमाई स्वयंपाकघरातून आहे. देशी दारूचं दुकान आणि हे एका मापाने मोजू नका. आणि चंद्रपूरचंच म्हणाल तर २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये सरकारनेच उठवली ना? बाटली आडवी झाली तरी मागच्या दाराने येतच होती.

@हिशेबनीस, देणगी म्हणूनच. पण देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण पावती फाडतो तेव्हा परतावा विचारतो का?

काटकोन

बर्मिंगहॅमजवळ राहतो, इथल्या जुन्या पंजाबी मंडळींत ऊठबस आहे. पब म्हणजे गावाचा दिवाणखाना वगैरे ऐकलं की मला इथलं शेजारचं स्मेथिक आठवतं.

साठच्या दशकात तिथल्या फाउंड्रीत आपल्याकडची माणसं राबत होती. पाळी संपली की तहान गोऱ्याला लागते तशीच यांनाही. पण पुष्कळ पबांत लाउंजमध्ये काळ्या-सावळ्यांना मज्जाव, फार तर पुढच्या साध्या बारमध्ये उभं राहायचं. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबापबात जायचे, कोणाला वाढतात आणि कोणाला नाही याचे पुरावे गोळा करायचे. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या काळ्यांचा पुढारी माल्कम एक्स स्मेथिकला आला तो त्यांच्याच बोलावण्यावरून. तिथल्या ब्लू गेट्स पबात त्यालाही नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. सार्वजनिक जागी असा भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा त्याच वर्षाच्या शेवटी आला.

बायकांचं म्हणाल तर लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाचा वाइन बार होता, पत्रकार-वकिलांचा अड्डा. शहरातल्या बातम्या तिथे पिकायच्या. बाईने बारशी उभं राहून पेय मागायचं नाही, मागे टेबलावर बसायचं, हा त्यांचा नियम. तो कोर्टाने मोडला १९८२ मध्ये! काऊंटरवरच्या गप्पांत बातमी मिळते, त्या गप्पांतूनच तुम्हाला वगळलं की धंद्यातूनच वगळलं, हा खरा मुद्दा होता.

तेव्हा 'गावाची जागा' म्हणताना गाव म्हणजे कोण, हे आधी ठरवा. तुमच्या पबात पहिल्या दिवशी तुमच्याकडे माना वळल्या होत्या की नाही, खरं सांगा.

डोंगरवाट

वळल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला क्विझच्या टीममध्ये क्रिकेटच्या प्रश्नांसाठी ओढून नेलं. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच स्मेथिक-वेस्ट ब्रॉमिचमध्ये पुढे आपल्या लोकांनी बंद पडत आलेले पब चालवायला घेतले. आज तिथे तंदुरी मिक्स्ड ग्रिल आणि पाइंट घेऊन गोरे, शीख, जमैकन एकाच टेबलावर मॅच बघतात. पब वाईट होते तर त्यांनी ते बंद पडू दिले असते. ताब्यात का घेतले?

काटकोन

ताब्यात घेतले, वर्गणी देऊन दुसऱ्याच्या हाती सोपवले नाहीत. फरक आहे.

माडाखाली

गोव्यातून. इतका वेळ इंग्लंडच चाललंय, म्हणून थोडं आमच्या तावेर्नाबद्दल, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानाबद्दल.

गावातलं जुनं तावेर्न म्हणजे घराचीच पुढची खोली. अर्ध्या भागात कांदे, साबण, काडेपेटी, अर्ध्या भागात बाकडं. कपाटावर हिरवट काचेचे पोटाळे गराफांव, त्यात काजूची आणि माडाची फेणी. मार्च ते मे हुर्राक. पहिल्या धारेची, हलकी, फार दिवस टिकत नाही म्हणून त्या त्या हंगामातच प्यायची. लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, वर लिमका. फेणीच्या भाटीवरून आलेला माणूस, नारळ पाडणारा पाडेली, मासे विकून परतणारी बाई (होय, बाईसुद्धा, एक घोट मारून टोपली उचलून चालती होते), कोणाच्या घरी कोण वारलं ते इथेच कळतं. मालक दारू नाकारतो पण. 'आज पुरे, घरा वच' (घरी जा) असं त्याने म्हटलं की गडी निमूट उठतो, कारण मालक त्याच्या बापालाही ओळखतो. दुकानातून बाटली घेऊन जाणाऱ्याला कोण थांबवणार?

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. पेयाचा वारसा झाला, तावेर्नाचा नाही. जिथे गावकरी बसायचा तिथे आता बाहेरचे लोक फोटो काढतात, आणि त्याच हुर्राकीला कॉकटेलचा भाव आहे. गावकरी बाटली घेऊन घरी जाऊन पितो, एकटा. मला विचाराल तर पैसे घाला. पण संस्थेच्या नियमात लिहून घ्या की दहा वर्षांनी तिथे शनिवार-रविवारवाल्यांसाठी महागडं हॉटेल होणार नाही.

पुस्तककिडा

मी पीत नाही, मला या चर्चेतलं एक गृहीतकच पटत नाही. माणसं जमायला दारूच कशाला लागते? आपल्याकडे पार आहे, कट्टा आहे, टपरी आहे, वाचनालयं आहेत. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते काही बिअरच्या नळावर उभं राहिलेलं नाही. तेवढ्याच पैशात गावाने वाचनालय किंवा चहाचं दुकान काढावं की.

हिशेबनीस

काढावं की! चालवणार कोण? ब्रिटनमधली वाचनालयं स्थानिक कौन्सिलच्या पैशावर चालतात आणि कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून बंद होतायत. पब स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो कारण दारूत मार्जिन आहे. पोस्टाचं काउंटर आणि क्विझ त्या मार्जिनवर जगतात. कडू आहे, पण हिशेब असा आहे. पार फुकट आहे कारण महाराष्ट्रात आठ महिने पाऊस नाही, यॉर्कशरच्या नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो.

पुस्तककिडा

म्हणजे चार जणांनी जास्त प्यावं, तेव्हा म्हातारबुवांवर लक्ष ठेवायला जागा उरणार. हाच तर खडीसाखर यांचा मुद्दा आहे. तुम्ही तो आकड्यांनी सिद्ध केलात.

माडाखाली

जेवणाची कमाई निम्म्याहून जास्त आहे हे वर लिहिलंय. वाचा.

काटकोन

इमारतीबद्दल एक. मालक कंपनीच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. लंडनच्या मायदा व्हेलमध्ये कार्लटन टॅव्हर्न होता, १९२०-२१ च्या सुमाराचा. वारसा यादीत जायच्या बेतात असताना एप्रिल २०१५ मध्ये मालकांनी परवानगी न घेता बुलडोझर फिरवला. इमारतीची बारीकसारीक नोंद आधीच झालेली होती, लोक हटून बसले, कौन्सिलने 'होता तसा पुन्हा बांधा' असा आदेश काढला. २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. स्टॅफर्डशरमधला क्रुकेड हाउस ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत जळला आणि दोन दिवसांच्या आत पाडलाही गेला. तिथेही पुन्हा बांधायचा आदेश निघाला, पण आदेशावर पाइंट मिळत नाही. या शनिवारीच आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, छताच्या तुळयांसकट.

मी विरोधात आहे तो तुमच्या भाबडेपणाच्या. पाडण्याच्या बाजूने नाही.

खडीसाखर

दारूबंदीचं डोंगरवाट बोलले त्यावर: उठवली ती बायकांना विचारून नाही उठवली. मागच्या दाराने येत होती हे मलाही दिसत होतं, आमच्याच गल्लीत यायची. पण समोरच्या दारात रांग नव्हती, पगाराच्या दिवशी पोरांना त्या रस्त्याने नेता येत होतं. आमच्या बायांना तेवढं पण पुष्कळ होतं.

माडाखाली यांचा तो 'घरा वच' म्हणणारा मालक मला आवडला. असा एक आमच्याकडे असता तर आम्हाला मतपेटीपर्यंत जावंच लागलं नसतं. पण तो असतो कारण गाव लहान आहे आणि त्याला तिथेच मरायचंय. संस्थेने पगारावर ठेवलेला मॅनेजर म्हणेल का तसं? विक्री कमी झाली तर तुमचं ते मंडळ त्यालाच जाब विचारेल.

आणि डोंगरवाट, एका सभासदाला एकच मत ना? मग शेअर एक नको, दोन घ्या. दुसरा वहिनींच्या नावावर.

डोंगरवाट

विचारलं. म्हणाली, घेते. पहिला ठराव पगाराच्या शुक्रवारी दहा वाजता बार बंद करण्याचा मांडणार आहे, आणि पबवालीशी तिचं आधीच बोलणं झालंय.