स्क्रिप्ट आणि प्रोग्रॅम: फरक भाषेत की कामात?

ठाणेकर:
नवशिक्यांसाठी संगणकाची एक पुस्तिका मराठीत करतोय. प्रोग्रॅमला 'आज्ञावली' लिहिलं. स्क्रिप्टला काय लिहू? कोशात 'लिपी' सापडते. आणि मुळात फरक काय? कॉलेजात शिकवलं होतं की कंपाइल होतं, म्हणजे चालवण्याआधी दुसऱ्या रूपात उतरवलं जातं, ते प्रोग्रॅमिंग, बाकीचं स्क्रिप्टिंग.

ऐरोलीकर:
दादा, लिपी नकोच. वाचणारा मोडी शोधत बसेल.

कॉलेजातली व्याख्या आता टिकत नाही. पायथनला (१९९१) सर्रास स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात, पण नेहमीच्या वापरातला पायथन कोडचं आधी बाइटकोड (प्रोसेसर नव्हे, दुसरा प्रोग्रॅम वाचतो असं मधलं रूप) करतो आणि मग ते चालवतो. जावातही बाइटकोडच होतं, फक्त तिथे ती पायरी एरवी आपण वेगळी करतो. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइकने १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत उभी केली, तीही ब्राउझरच्या पानातल्या किरकोळ कामांसाठी. २००८ मध्ये क्रोमबरोबर जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन आलं आणि तो कोड थेट मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत, उतरू लागला. २००९ मध्ये नोड (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारं साधन) आलं, मग त्याच भाषेत अख्खे सर्व्हर लिहिले जाऊ लागले. नावात स्क्रिप्ट आहे म्हणून तिला कमी लेखणारे इंटरव्ह्यूत अजून भेटतात, ते सोडा.

फरक कामात आहे. आमच्याकडे रात्री दोनला क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय) एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलवर द्यायच्या आज्ञांची फाइल, लागते. ओळी मोजक्याच, त्या तयार प्रोग्रॅमांना हाक मारतात. 'फाइंड' सात दिवसांहून जुने लॉग (नोंदींच्या फायली) हुडकतो, 'जीझिप' ते आवळतो, 'आरसिंक' दुसऱ्या मशीनवर नेऊन टाकतो. स्क्रिप्ट म्हणजे वाशी मार्केटातला मुकादम: गोणी स्वतः उचलत नाही, कुठली कुठे न्यायची ते सांगतो. फाइल आवळायची कशी, याचं गणित जीझिपमध्ये आहे आणि तो सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे. टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेचे कर्ते जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९८ च्या लेखात साधारण हीच विभागणी केली: काही भाषा घटक मुळापासून घडवायला, काही तयार घटक जोडायला.

पण पायथनमध्ये दोन्ही होतं. फायलींची नावं बदलणारा वीस ओळींचा तुकडा स्क्रिप्ट. त्याच पायथनमधली बिलिंगची अख्खी व्यवस्था, तिला कोणी स्क्रिप्ट म्हणणार नाही. मधे कुठे रेघ मारायची यावर भांडणं होतात, होऊ देत.

वाशीकर:
मग 'संहिता' का नको? नाटकाची असते तशी. गडकरी रंगायतनच्या गावात तर चालून जाईल.

ऐरोलीकर:
नाटकाला शोभते. पण कायद्यातल्या 'कोड'लाही संहिताच म्हणतात, दंड संहिता वगैरे. इथे कोड आणि स्क्रिप्ट दोन्ही शब्द एकाच पानावर येणार, घोळ होईल. ऑफिसात सगळे 'एक स्क्रिप्ट टाक', 'ती स्क्रिप्ट मार' असंच म्हणतात, आणि शब्द स्त्रीलिंगी म्हणून रुळलाय. 'स्क्रिप्ट'च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे लिहा: 'तयार प्रोग्रॅमांकडून ओळीने काम करून घेणारी छोटी आज्ञावली'.