रोज वीस शब्द पाठ करण्यापेक्षा

वर खानापूरच्या ताईंनी लिहिलंय, मुलगी मराठी माध्यमातून दहावीला आहे, रोज २० इंग्रजी शब्द पाठ करते आणि आठवड्यात विसरते. ताई, आकडा ५ वर आणा, पण प्रत्येक शब्दाचं अख्खं कुटुंब वहीत घ्या: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, डिसायसिव्हली. चौघांचं एकेक वाक्य. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी त्याच वाक्यांतला शब्द गाळून तिला भरायला द्या.

स्पेलिंग घसरतं ते इथेच. एक्स्प्लेनमधला 'आय' एक्स्प्लनेशनमध्ये गळतो, प्रोनाउन्समधला दुसरा 'ओ' प्रनन्सिएशनमध्ये. नकाराचा 'इन' पुढचं अक्षर बघून बदलतो: 'पी'आधी इम्पॉसिबल, 'आर'आधी इर्रेग्युलर, 'एल'आधी इल्लीगल. उत् + लेख = उल्लेख, हा संधी शिकलेल्या मुलीला यात नवीन काय? दोन 'एल' का, तेही कळतं. 'अन' मात्र हटत नाही: अनलकी, अनरिअल.

'डिस्कस अबाउट' ही चूक आपल्या 'च्याबद्दल'मधून येते. तिथे अबाउट नकोच. 'मॅरिड विथ' आपल्या 'शी'मधून. हवं मॅरिड टू.

'द' तर ना मराठीत ना कन्नडमध्ये, त्यामुळे बेळगाव-निपाणीकडे दोन्ही माध्यमांची पोरं सारखीच अडखळतात. पेपरातल्या आठ ओळी घ्या, 'अ', 'अ‍ॅन', 'द' खोडा आणि तिला परत भरायला लावा. अ युनिव्हर्सिटी पण अ‍ॅन अवर: अक्षर नव्हे, उच्चार बघायचा.